आधी इथं पराटी होती : यवतमाळच्या पाणपक्ष्यांच्या नोंदींचा इतिहास

माझ्या सिनॉप्सिसच्या पहिल्याच पानावर एक वाक्य होतं. 'यवतमाळ जिल्ह्यातील पाणथळ जागांवर हिवाळ्यात येणाऱ्या स्थलांतरित पक्ष्यांची संख्या गेल्या काही दशकांत झपाट्याने घटली आहे.' वाक्य लिहिताना मला काहीच खटकलं नाही. अशी वाक्यं मी शंभर पेपरांत वाचली होती.

सादरीकरणाच्या दिवशी समितीतल्या एका सरांनी तेवढंच एक वाक्य मोठ्याने वाचलं आणि विचारलं, "कशाच्या तुलनेत?"

मी म्हटलं, "सर, आधीच्या तुलनेत."

"आधी म्हणजे कधी? कोणी मोजले होते?"

मला उत्तर देता आलं नाही. सिनॉप्सिस परत आला आणि सहा महिने गेले. त्या सहा महिन्यांत मी दुर्बिणीपेक्षा जुने कागद जास्त चाळले. प्राणिशास्त्रात एम.एस्सी. केलेल्या मुलीला इतिहास वाचायची सवय नसते, त्यामुळे सुरुवातीला जीव कंटाळला. पण आता वाटतं, ते सहा महिने माझ्या संशोधनाचाच भाग होते. तुमच्यापैकी जे पेट देऊन विषय शोधताहेत, किंवा सिनॉप्सिस लिहायला बसले आहेत, त्यांच्यासाठी ही पोस्ट. विषय पक्ष्यांचा आहे, पण 'घट झाली', 'वाढ झाली', 'नामशेष झालं' असं कुठलंही वाक्य लिहिणाऱ्याला तो लागू आहे.

पहिला प्रश्न : पाण्याचं वय किती?

सिनॉप्सिस परत आल्यावर मी पुसद तालुक्यातल्या एका धरणाच्या काठावर गेले. तिथे एक म्हातारे मासेमार आबाजी नेहमी भेटायचे. जाळं दुरुस्त करत बसलेले असायचे. त्यांना मी सरळ सरांचाच प्रश्न विचारला, "आबाजी, इथं आधी किती बदकं यायची?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "आधी म्हंजे कवा? हे धरनच माह्या लगनाच्या बादचं हाये, पोरी. आधी इथं तं पराटी होती."

पराटी म्हणजे कपाशीचं झाड. ज्या पाण्यावर मी बदकं मोजत होते, त्या पाण्याखाली एकेकाळी कपाशीची शेतं होती आणि आबाजींचं जुनं गावही होतं. मी ज्याला 'पारंपरिक पाणथळ अधिवास' म्हणत होते तो आबाजींपेक्षा वयाने लहान होता.

घरी येऊन मी जिल्ह्याचा नकाशा काढला. यवतमाळच्या उत्तर-पूर्वेला वर्धा नदी, दक्षिणेला पैनगंगा, आणि मधून अडाण, अरुणावती, पूस, बेंबळा, वाघाडी अशा नद्या. आता मोठी पाणी साठणारी ठिकाणं बघा. पुसदजवळचं पूस धरण सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीचं. पैनगंगेवरचं इसापूर ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीचं. दिग्रसचं अरुणावती नव्वदच्या दशकातलं. बाभूळगावकडचं बेंबळा तर त्याहूनही अलीकडचं. यवतमाळ शहराला पाणी देणारे निळोणा आणि चापडोह हेही बांधलेलेच. जिल्ह्यातलं जवळजवळ सगळं मोठं साचलेलं पाणी गेल्या पन्नास-साठ वर्षांतलं आहे.

पूर्व विदर्भात गोष्ट वेगळी आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत मालगुजारी तलाव आहेत. कोहळी समाजाने शेकडो वर्षांपूर्वी भातशेतीसाठी बांधलेले. नवेगावबांध त्यातलाच. तिथे 'पिढ्यान्‌पिढ्या पक्षी येतात' असं म्हणायला आधार आहे. आपला भाग मात्र काळ्या मातीचा, बेसाल्टचा, कापसाचा. इथे भाताचे बांध नव्हते आणि तलावांची परंपराही तशी नव्हती. विदर्भ एकच म्हणून तिकडचा इतिहास इकडे चिकटवता येत नाही.

हे तपासायला कुणाच्या आठवणीवरच अवलंबून राहायची गरज नाही. लँडसॅट मालिकेतला पहिला उपग्रह १९७२ मध्ये सोडला गेला, आणि त्या मालिकेची छायाचित्रं २००८ पासून मोफत मिळतात. सुरुवातीची चित्रं धूसर आहेत, पण धरणाचं पाणी काळ्या डागासारखं ओळखू येतं. सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या टोपोशीटवर तर बुडालेल्या गावांची नावंही सापडतात. तुमची अभ्यासाची जागा कधी जन्माला आली, हे एका दुपारी कळू शकतं. मी ते आधी केलं नव्हतं, एवढंच.

दुसरा प्रश्न : बघणाऱ्याचं वय किती?

पाणी नवं आहे हे कळलं. मग धरणांच्या आधी हे पक्षी नदीच्या डोहांत उतरत होते का? याचं उत्तर जुन्या नोंदींत मिळेल म्हणून मी शोधायला लागले. 'यवतमाळ' आणि 'पक्षी' असं टाकून शोधलं तर जुनं काहीच येईना. मला वाटलं, नोंदीच नाहीत.

चूक शोधण्याच्या शब्दात होती. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली दिलं. आपला जिल्हा १८६० च्या दशकात वेगळा झाला तेव्हा त्याचं नाव वणीवरून पडलं, आणि इंग्रजी कागदांत ते 'वून' असं लिहिलं जायचं. १९०५ मध्ये जिल्ह्याला यवतमाळ नाव मिळालं, तेही इंग्रजीत आजच्यासारखं वाय-ए-व्ही नाही, तर वाय-ई-ओ-टी-एम-ए-एल असं. त्यामुळे १९०८ चं जिल्हा गॅझेटियर 'येओटमल' नावाखाली आहे, आणि त्याआधीचं १८७० मधलं लायल यांनी संपादित केलेलं वऱ्हाडचं गॅझेटियर तर 'हैदराबादचे सुपूर्द जिल्हे' अशा नावाखाली. तुम्ही कुठलाही जिल्हा अभ्यासत असाल तर पहिल्या आठवड्यात त्याच्या सगळ्या जुन्या नावांची आणि स्पेलिंगांची यादी करा. माझी यादी वहीच्या पहिल्या पानावर आहे.

योग्य नावाने शोधल्यावर कागद मिळाले, पण त्यांतले पक्षी थोडे. याचं कारण समजून घ्यायला एकोणिसाव्या शतकात पक्षी कोण बघत होतं ते बघावं लागतं.

जर्डन या डॉक्टराचा 'बर्ड्‌स ऑफ इंडिया' १८६२ ते १८६४ दरम्यान तीन खंडांत आला. त्यानंतर ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम. हो, तोच, काँग्रेसच्या स्थापनेतला. ह्यूमने १८७० च्या दशकात 'स्ट्रे फेदर्स' नावाचं नियतकालिक सुरू केलं आणि देशभरच्या अधिकाऱ्यांकडून नोंदी, कातडी, अंडी मागवली. एका माणसाने पत्रांच्या जोरावर उभं केलेलं हे जाळं आजच्या ई-बर्डचं पूर्वज म्हणता येईल. पण जाळं जिथे साहेब होता तिथेच पसरलं. वनाधिकारी, सैन्यातले डॉक्टर, महसूल अधिकारी, रेल्वेचे इंजिनिअर. जिथे छावणी, जिथे मोठी लाइन, तिथल्या नोंदी भरपूर. यवतमाळला तर रेल्वेच आली ती विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, आणि तीही छोट्या गेजची, आपली शकुंतला.

शिवाय बघणारा काय बघत होता? बहुतेक साहेब शिकारी होते. ह्यूम आणि मार्शल यांचा १८७९ ते १८८१ मधला मोठा ग्रंथ शिकारीच्या पक्ष्यांवर आहे. स्टुअर्ट बेकरचं बदकांवरचं पुस्तक १९०८ चं. त्यामुळे बदकं, हंस, पाणलावे यांच्याबद्दल जुनं साहित्य बऱ्यापैकी आहे, कारण ते ताटात येत. चिखलात फिरणारे बारके तुतवार आणि चिखल्या फारसे कुणी नोंदवले नाहीत. जुन्या यादीत तुतवार नाही याचा अर्थ तुतवार नव्हता असा घेतला, तर आपण शिकाऱ्याची आवड निसर्गाच्या नावावर खपवतो.

आणखी एक गोष्ट त्या कागदांत दिसत नाही. पक्षी प्रत्यक्ष शोधून, पकडून आणणारे बहुतेक वेळा स्थानिक लोक असत. आपल्याकडे फासेपारधी समाजाला पक्ष्यांच्या वेळा, आवाज, उतरण्याच्या जागा जितक्या माहीत होत्या तितक्या कुठल्याच साहेबाला नव्हत्या. पण १८७१ च्या कायद्याने अशा अनेक जमातींवर 'गुन्हेगार' असा शिक्का मारायला सुरुवात झाली. तो कायदा जाऊन १९५२ मध्ये त्या विमुक्त झाल्या. ज्ञान ज्यांच्याकडे होतं त्यांच्या हातात लेखणी नव्हती. नोंदींतली ही पोकळी आज कुठल्याही सॉफ्टवेअरने भरता येणार नाही.

ह्यूमचा शेवटही प्रत्येक पीएच.डी. करणाऱ्याने लक्षात ठेवावा असा आहे. भारतातल्या पक्ष्यांवरच्या महाग्रंथासाठी त्याने वर्षानुवर्षं हस्तलिखितं जमवली होती. ती सिमल्याच्या घरातून चोरीला गेली आणि बाजारात रद्दी म्हणून विकली गेली. त्यानंतर त्याने तो नाद सोडला आणि १८८५ मध्ये ऐंशी हजारांच्या वर नमुने ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकले. नमुने आजही तिकडे आहेत. त्यामुळे बॅकअप घ्या. मी तीन ठिकाणी ठेवते.

पैनगंगेचे दोन काठ

विसाव्या शतकात तरी चित्र सुधारलं असेल असं मला वाटलं होतं. नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयाचे क्युरेटर डी'अब्रू यांनी मध्य प्रांतातल्या पक्ष्यांची यादी १९३५ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या जर्नलमध्ये छापली. ही आपल्या बाजूची मोठी नोंद. पण ती प्रांताची यादी आहे. पक्षी प्रांतात आहे हे कळतं, अमुक डोहावर अमुक महिन्यात किती होते हे कळत नाही.

त्याच सुमारास, १९३१-३२ मध्ये, सालिम अलींनी हैदराबाद संस्थानाचं पक्षी सर्वेक्षण केलं. मुक्काम करत, गावोगाव फिरत, तारीखवार. ते पुढे त्याच जर्नलमध्ये क्रमशः आलं. आता नकाशा आठवा. पैनगंगेचा दक्षिण काठ संस्थानात आणि उत्तर काठ, म्हणजे आपला, मध्य प्रांत आणि वऱ्हाडात. कायद्याने वऱ्हाडावर मालकी निजामाचीच होती, पण १९०२ च्या कराराने ते इंग्रजांकडे कायमच्या भाडेपट्ट्याने गेलं होतं आणि कारभार नागपुरातून चालायचा. म्हणून संस्थानाचं सर्वेक्षण पैनगंगेपाशी थांबतं. बदक मात्र एका काठावरून दुसऱ्या काठावर दिवसातून दहा वेळा जातं.

हे लक्षात आलं तेव्हा मी थोडा वेळ नुसती बसून राहिले. माझ्या जिल्ह्यातल्या नोंदींची कमतरता ही पक्ष्यांची गोष्ट नव्हतीच. ती तहांची, करारांची आणि कचेऱ्यांची गोष्ट होती. संशोधनाच्या भाषेत सांगायचं तर शून्य आणि कोरी जागा यांत फरक करावा लागतो. शून्य म्हणजे कुणीतरी गेलं, नीट बघितलं आणि पक्षी दिसला नाही. कोरी जागा म्हणजे कुणी गेलंच नाही. एक्सेलमध्ये दोन्हींच्या जागी आपण शून्य टाकतो आणि तिथेच घोळ होतो.

जुनी नोंद म्हणजे खरी नोंद नव्हे

जी नोंद मिळते ती तरी डोळे झाकून घ्यावी का? यासाठी पाणथळ जागा सोडून थोडं सातपुड्यात जाऊ. रानपिंगळा नावाचं छोटं घुबड ह्यूमने १८७३ मध्ये जगासमोर आणलं. १८८४ नंतर ते खात्रीने कुणाला मिळालं नाही. फक्त एक नमुना होता, कर्नल माइनर्त्झहागेन यांचा, गुजरातमधल्या मांडवीचा, १९१४ चा. त्या लेबलवर विश्वास ठेवून लोक त्या भागात पिंगळा शोधत राहिले. पुढे पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की तो नमुना मुळात दुसऱ्याच्या संग्रहातला, चोरलेला आणि खोटं लेबल लावलेला होता. खोटी नोंद बाजूला ठेवून, खऱ्या लेबलांवरच्या जागा धरून शोध घेतला, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ रानपिंगळा जिवंत सापडला. एकशे तेरा वर्षांनी!

नावांचाही असाच गुंता असतो, जरी त्यात लबाडी नसली तरी. आपल्याकडे दिवाळीच्या आसपास येणारं भिवई बदक घ्या. काही वर्षांपूर्वीपर्यंत पुस्तकांत त्याचं शास्त्रीय नाव 'ॲनस क्वर्क्वेड्युला' होतं, आता 'स्पॅच्युला क्वर्क्वेड्युला' आहे. त्याआधीच्या ग्रंथांत आणखी वेगळी. जुन्या-नव्या याद्या शेजारी ठेवल्या की एक जाती 'गायब' आणि एक 'नवी' असं सहज निघतं, आणि पक्षी तोच असतो. स्थानिक नावांतही तसंच. जो पक्षी पुस्तकात वारकरी, तोच काठावरच्या माणसाच्या तोंडी चांदवा. मुलाखती घेताना मी आता नाव विचारत नाही, आधी चित्र दाखवते.

मोजणी खरी सुरू होते कधी?

एकाच ठिकाणी, ठरावीक काळात, ठरलेल्या पद्धतीने, दरवर्षी मोजणं हे भारतात फार उशिरा रुजलं. आशियाई पाणपक्षी गणना १९८७ मध्ये सुरू झाली. दर जानेवारीत स्वयंसेवक आपापल्या पाणवठ्यावर जाऊन पक्षी मोजतात. ई-बर्ड आपल्याकडे मोठ्या प्रमाणावर वापरायला लागलो ते साधारण २०१४ च्या पुढे. २०२० पासून महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळतात. पहिला दिवस मारुती चितमपल्लींच्या जन्माचा, शेवटचा सालिम अलींच्या. त्या आठवड्यात एकदम खूप याद्या येतात. आलेख काढला तर नोव्हेंबरमध्ये पक्षी 'वाढलेले' दिसतात. वाढलेले असतात ते आपण!

म्हणून याद्यांची संख्या, घालवलेला वेळ, चाललेलं अंतर हे सगळं लक्षात घेतल्याशिवाय कल सांगता येत नाही. २०२३ चा 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्‌स' अहवाल याचं चांगलं उदाहरण आहे. जवळजवळ तीस हजार निरीक्षकांच्या तीन कोटी नोंदी, ९४२ जाती. एवढं असूनही दीर्घकालीन कल सांगण्याइतकी माहिती त्यांना फक्त ३३८ जातींसाठी पुरेशी वाटली. त्या ३३८ पैकी ६० टक्के घटताना दिसल्या. ही घट गंभीर आहे, आणि त्यावर विश्वास बसतो तो उरलेल्या सहाशे जातींबद्दल त्यांनी तोंड बंद ठेवलं म्हणून. हा संयम मला माझ्या सिनॉप्सिसमध्ये जमला नव्हता.

आपल्या धरणांबाबत आणखी एक अडचण आहे. इथला हंगाम फक्त पक्ष्यांचा नाही, पाण्याचाही आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत धरण भरतं. मग रब्बीसाठी कालव्याला पाणी सुटतं. पाणी उतरतं तसा काठाचा गाळ उघडा पडतो. त्या चिखलावर तुतवार, शेकाटे, चिखल्या येतात. त्याच गाळावर शेतकरी गाळपेरा घेतात, हरभरा किंवा गहू. पाणी खोल असलं तर बुडी मारणारी बदकं जास्त, उथळ झालं तर चिखलातले पक्षी जास्त. त्यामुळे दोन वर्षांच्या जानेवारीतले आकडे शेजारी ठेवताना त्या दिवशी पाण्याची पातळी काय होती हे माहीत नसेल, तर तुलना पक्ष्यांची नसून पावसाची होते. धरणांच्या पातळीच्या नोंदी पाटबंधारे खातं ठेवतं. पक्षी अभ्यासकाने त्या मागून घ्याव्यात. आणि पट्टकादंबासारखा पक्षी तर हिमालयापलीकडून येतो. तिबेटच्या दक्षिणेकडच्या दऱ्यांत हिवाळा काढणारे पट्टकादंब वाढल्याच्या नोंदी आहेत. इथे कमी दिसले तर बिघाड इथेच झाला असं धरून चालत नाही.

आठवणींचं काय करायचं?

कागद संपले की माणसं उरतात. मी पुन्हा आबाजींकडे गेले. विचारलं, धरण नव्हतं तेव्हा चांदवे दिसायचे का? ते म्हणाले, "नदीच्या डोहात राहेत. गंज नाही, पन राहेत."

हे वाक्य मी वहीत तसंच लिहून ठेवलं आहे. हा पुरावा आहे का? आहे, पण संख्येचा नाही, असण्याचा. आठवणीला तारीख चिकटवायची असेल तर सन विचारून उपयोग नसतो. "बहात्तरच्या दुष्काळाआधी की नंतर?", "धरणात पहिल्यांदा पाणी अडलं त्या वर्षी?", "थोरल्या पोराच्या जन्माआधी?" असं विचारावं लागतं. एकाच गोष्टीबद्दल चार जणांना वेगवेगळं भेटून विचारावं. आणि आपल्याला हवं ते उत्तर सुचवू नये. "आधी खूप यायचे ना?" असं विचारलं की कुणीही "हो" म्हणतं. माझ्या पहिल्या काही मुलाखती याच कारणाने मी बाजूला काढल्या.

एवढ्या खटाटोपाने फरक काय पडतो?

फरक कायद्यात पडतो. पाणथळ जागांच्या संवर्धनासाठी केंद्र सरकारचे २०१७ चे नियम आहेत. त्यांच्या व्याख्येतून पिण्याच्या पाण्यासाठी आणि सिंचनासाठी मुद्दाम बांधलेले जलाशय वगळले आहेत. म्हणजे वर ज्यांची नावं घेतली ती यवतमाळची पाणी साठणारी ठिकाणं या नियमांच्या कक्षेत मुळात बसतच नाहीत. अशा वेळी मी 'प्राचीन नैसर्गिक पाणथळ' असं लिहिलं, तर समोरचा माणूस धरणाचं उद्घाटनाचं वर्ष दाखवून एका मिनिटात माझा सगळा प्रबंध निकालात काढेल.

खरा इतिहास सांगितला तर मात्र बोलायला जागा राहते. महाराष्ट्रातली पहिली रामसर जागा, नांदूर मध्यमेश्वर, २०२० मध्ये जाहीर झाली. तीही गोदावरी आणि कादवेच्या संगमाजवळ सिंचनासाठी बांधलेल्या बंधाऱ्यामुळेच तयार झालेली आहे. जायकवाडीही धरणच, आणि ते पक्षी अभयारण्य आहे. १९७१ च्या रामसर कराराच्या व्याख्येत मानवनिर्मित पाणथळ जागा स्पष्टपणे येतात. तेव्हा 'आधी इथं पराटी होती' हे मान्य करूनही म्हणता येतं की पन्नास वर्षांत हजारो मैलांवरून येणाऱ्या पक्ष्यांनी ही जागा आपली केली आहे. ते खोडायला जड जातं, कारण ते खरं आहे. आणि त्यात आबाजींच्या बुडालेल्या गावालाही जागा राहते. पक्ष्यांचं स्वर्ग म्हणून फोटो टाकताना आपण ती गोष्ट सहसा विसरतो.

शेवटी सिनॉप्सिस पुन्हा सादर केला. ते पहिलं वाक्य आता असं आहे : 'यवतमाळ जिल्ह्यातील मोठे जलाशय प्रामुख्याने १९७० नंतर निर्माण झाले असून त्यांवरील हिवाळी पाणपक्ष्यांच्या पद्धतशीर नोंदी अत्यल्प आहेत. प्रस्तुत अभ्यास पाण्याच्या पातळीसह अशी पहिली तुलनायोग्य आधाररेषा निवडक जलाशयांसाठी तयार करेल.' पहिल्या वाक्याइतकं ते जोरदार नाही. पण सरांनी या वेळी त्याच्याखाली रेघ मारली नाही. फक्त विचारलं, "निवडक म्हणजे कुठले?" त्याचं उत्तर माझ्याकडे होतं.

तुम्ही सिनॉप्सिस लिहीत असाल तर आज एवढंच करा. त्यातलं 'पूर्वी', 'आधी', 'गेल्या काही दशकांत' हे शब्द पेनाने गोल करा. प्रत्येक गोलासमोर समासात दोन गोष्टी लिहा. कोणत्या वर्षी, आणि कोणी बघितलं. जिथे समास कोरा राहील, तिथेच बहुधा तुमचा विषय असेल.

पुढच्या पोस्टमध्ये पाटबंधारे खात्याकडून पातळीच्या नोंदी मागताना अर्ज कसा लिहायचा ते सांगेन. चिखलाचे बूट वाळत घातलेत, उद्या पहाटे पुन्हा काठावर जायचं आहे.